सुनंदावहिनीची मोकळी जागा

"सुनंदा गेली रे, पहाटं," दत्तादादांनी फोनवर सांगितलं, आणि मी काही बोलायच्या आत एका दमात पुढं म्हणाले, "तुझा एक चांगला फोटो टाक व्हॉट्सॲपला. जल्दी टाक. फ्लेक्सला लागतो." दत्तादादा म्हणजे माझे चुलतभाऊ, आमच्या भावकीचे कर्ते, दोनदा सरपंच झालेले आणि तिसऱ्यांदा होता होता राहिलेले. सुनंदावहिनी म्हणजे माझ्या सख्ख्या थोरल्या भावाची, अण्णांची बायको. आजार बरेच दिवस चालला होता, त्यामुळं बातमी अनपेक्षित नव्हती. तरी फोन ठेवल्यावर मी जालन्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडलो, आणि खोटं कशाला सांगू, रडता रडता मोबाईलमधली गॅलरी उघडली. डोक्यावर केस होते त्या काळातला, कुणाच्या तरी हळदीत काढलेला एक हसरा फोटो सापडला. तो पाठवून दिला. दादांचा अंगठा आला. मग आंघोळ करून गाडी धरली... घनसावंगीच्या पुढं जीपमध्ये चौथ्या माणसाच्या मांडीवर अर्धा बसलेला असताना माझ्या डोक्यात उजेड पडला, की मी कुणाच्या फ्लेक्ससाठी फोटो पाठवलाय.

वाचकांना सांगायला हवं. आमच्या भागात माणूस गेला की चौकात 'भावपूर्ण श्रद्धांजली' लागते. मध्ये गेलेल्याचा फोटो, दोन बाजूंना समया, वर ढगांतून पडणारा उजेड, आणि खाली 'शोकाकुल' असं लिहून भावकी, सोयरे, मित्रमंडळ यांची तोंडं सीताफळातल्या बियांसारखी दाटीवाटीनं बसवलेली. त्यात कुणी गॉगल लावलेला, कुणी फोन कानाला लावलेला. आणि गेली पंचवीस वर्षं आमच्या गावात बसून असल्या फ्लेक्सशी हातघाईवर आलेली एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्या दिवशी गेलेली माझी वहिनी. रस्त्यावर तिचं छपाईचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पाट्या, फ्लेक्स, सगळं तिथं तयार व्हायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेलो, तर तिची मुलगी वर्षा कॉम्प्युटरसमोर बसली होती. लग्न होऊन गावातच राहिलेली, आईबरोबर दुकान चालवणारी. तिनं दादांनी पाठवलेली फोटोंची रांग मला दाखवली. "काका, आईच्या फ्लेक्सवर तुम्ही दात काढून राह्यलेत," ती म्हणाली. मी बघितलं. खरोखर काढून राहिलो होतो. मग ती स्क्रीनकडे बघतच बोलली, "दादाकाका म्हणतेत, आपल्याच दुकानात छाप, घरचंच काम हाय. आई जलमभर ज्याच्यासंगं भांडली, तेच तिच्या छातीवर ठेवायचं. हे लागलं ना काका, तर आई हरली. मंग मी हे दुकान कशाला चालवू..." एवढं बोलून ती चहा आणायला उठली. मी त्या खुर्चीत बसून माझ्याच दातांकडं बघत राहिलो.

वहिनी मूळची भोकरदनकडची, पिंपळगाव रेणुकाईची. "एका पिंपळगावाहून निघाले आन् दुसऱ्या पिंपळगावाच्या अलीकडं उतरले," असं ती स्वतःच्या लग्नाचं वर्णन करायची, कारण आमचं गाव कुंभार पिंपळगावच्या वाटेवर आहे. चित्रकला शिक्षकाचा कोर्स झालेली होती. नोकरी काही लागली नाही. मग तिनं पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि लग्नपत्रिका करायला घेतल्या. ती नम्र वगैरे बिलकुल नव्हती. आपल्याला कळतं हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि ते ती समोरच्याला कळवल्याशिवाय सोडत नसे. पण तिची सुरुवात एका दणदणीत चुकीनं झाली, आणि ती चूक तिनं पुढं प्रत्येक गिऱ्हाइकाला मीठमसाला लावून सांगितली. म्हणून मीही सांगतो.

आमच्याच घरातलं लग्न होतं. पत्रिकेवर निमंत्रकांची नावं कुणाची आधी, कुणाची नंतर, यावरून भावकीत अबोला धरायची वेळ आलेली. वहिनीनं तोड काढली. सगळी नावं अकारादी क्रमानं लावून टाकायची, म्हणजे कुणाचं भांडण नको. मी मराठीचा शिक्षक, त्यामुळं तपासायला माझ्याकडं आली. क्रम बिनचूक आहे, असा शेरा मारून मी सही केली. पत्रिका छापून आल्या तेव्हा सर्वांत वर होता अथर्व, वय वर्षं दोन, आणि सर्वांत खाली, पोराटोरांच्या पायाशी, घरातले सगळ्यांत थोरले आजोबा. कारण त्यांचं नाव ज्ञानोबा आणि आपल्या पाटीवर 'ज्ञ' येतो शेवटी. आजोबांनी पत्रिका डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, उलटी करून बघितली, आणि म्हणाले, "माझ्या खाली कोनीच न्हाई व्हय? बरं. मंग मी गेलो काय आन् आलो काय." लग्नाच्या दिवशी ते जे खाटेवर आडवे झाले, ते वहिनी स्वतः जाऊन पाया पडली तेव्हा उठले. परत आल्यावर ती मला म्हणाली, "भाऊजी, सगळ्यांला सारखं धरलं की कोनीच दिसत न्हाई. उतरंड लागतीच."

उतरंड हा शब्द तिनं तिथून जो धरला तो शेवटपर्यंत. स्वयंपाकघरात मडक्यांची असते तीच. फक्त कागदावर ती उलटी लावायची, थोरलं मडकं वर. कुणी पाटी करून घ्यायला आलं की ती विचारायची, "यातलं थोरलं मडकं कोनतं? मधलं कोनतं? बारकी कोनती? आन् कोनतं फुटकं हाय ते सांगा, म्हंजे फेकून देऊ." लोकांना राग यायचा. आपल्या मजकुरात फुटकं मडकं आहे हे कुणाला आवडतं? ती सांगायची, ज्यांचं एकमेकांशी नातं आहे ते शब्द जवळ बसवा. दुकानाचा पत्ता आणि फोननंबर नवराबायकोसारखे एका जागी राहू द्या, त्यांना माहेरी-सासरी धाडू नका. डाव्या कडेला गवंड्यासारखा ओळंबा धरा. अक्षरं दोन जातींची पुरे, सहा जातींची बोलावली तर ती आपसांतच बोलतात. आणि सगळ्यांत मोठं भांडण व्हायचं ते मोकळ्या जागेवरून. गिऱ्हाईक त्या जागेवर बोट ठेवून म्हणायचं, "हितं एक गणपती बसतो की." वहिनी म्हणायची, "बसतो. पन मंग तुमचं नाव उठतं."

काम झालं की ती छापील कागद दुकानाच्या दारावर चिकटवायची, रस्ता ओलांडून समोरच्या कडुलिंबाखाली जाऊन उभी राहायची, चष्मा कपाळावर ढकलायची आणि डोळे किलकिले करून बघायची. डोळे अर्धे मिटले की बारीकसारीक विरघळून जातं आणि थोरलं मडकं तेवढं उरतं. जे उरायला हवं तेच उरलं का, हे ती बघत असे. येणाऱ्याजाणाऱ्याला ते कसं कळावं? "बाई, डोळ्यात काय गेलं का?" असं कुणीतरी विचारायचंच. ती मान न वळवता म्हणायची, "न्हाई. बघून राह्यले." एकदा अण्णांनी, जे वर्षाकाठी चार वाक्यं बोलतात, त्यांनी त्यातलं एक यावर खर्च केलं. "रस्त्यात उभी राहून लोकांला डोळे मिचकावू नको," ते म्हणाले. वहिनी म्हणाली, "तुमाला मिचकावले तवा तुमी कुठं बघितलं?" अण्णा ते वर्षभर पुन्हा बोलले नाहीत.

माझी गोष्टही सांगून टाकतो, नाहीतर वर्षा सांगेलच. मला एकदा एक छोटासा शिक्षक पुरस्कार मिळाला. छोटासा हे आता म्हणतो. तेव्हा मला तो फ्लेक्सएवढा वाटला होता. मी मजकूर लिहून नेला. माझं पूर्ण नाव, पदव्या, भूषवलेली पदं, एक कमळ, दोन पुष्पगुच्छ, माझे तीन फोटो, पैकी एक भाषण करतानाचा. वहिनीनं सगळं शांतपणे वाचलं आणि म्हणाली, "भाऊजी, जीप हितनं सुसाट जाती. ड्रायव्हरला एकच गोष्ट दिसनार. सांगा कोनती." मी बराच विचार केल्यासारखं करून म्हणालो, "फोटो." तिनं हसू दाबलं. "तोंड तर गावाला ठावं हाय. त्याला कशाला छापायचं?" शेवटी फ्लेक्सवर माझ्या वर्गातल्या मुलांनी फळ्यावर लिहिलेली 'सर, अभिनंदन' ही दोन शब्दांची ओळ तेवढी मोठी आली, त्यातला 'अभिनंदन' चुकलेला, आणि माझं नाव कोपऱ्यात, वाटाण्याएवढं. मी दोन दिवस फुगून बसलो. पण खरं सांगतो, जितक्या लोकांनी गाडी थांबवून मला त्या फ्लेक्सबद्दल विचारलं, तितक्यांनी पुरस्काराबद्दल आजवर विचारलेलं नाही.

एवढ्यावर राहिलं असतं तर ती गावाला फक्त तऱ्हेवाईक वाटली असती. पण पुढं घागरींचं प्रकरण झालं. दत्तादादा सरपंच होते आणि गावात नवी टाकी झाली होती. टाकीपाशी बोर्ड लावायचा होता, आधी किती पाणी आणि आता किती, हे चित्रात दाखवणारा. दादांना आधीची एक बारकी घागर आणि आताची एक टोलेजंग घागर हवी होती. वहिनी डोक्यावरचा पदर ढळू न देता म्हणाली, "दादा, घागर उंचीला दुप्पट केली की रुंदीलाबी दुप्पट होती. बघनाऱ्याला चौपट दिसती. पानी दीडपटबी वाढलं न्हाई." दादा म्हणाले, "चित्रच हाय की, कोन मोजतंय?" ती म्हणाली, "मोजीत न्हाईत म्हनूनच. डोळ्याला फसवायचं काम माझ्या दुकानात होत न्हाई."

नुसता नकार देऊन ती गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण ती आळीआळीनं फिरली, बायकांना विचारत गेली की नळ जायच्या आत किती घागरी भरतात, आणि तिनं स्वतःचाच बोर्ड तयार केला. सगळ्या घागरी एकाच मापाच्या, ओळीत मांडलेल्या. वरच्या आळीपुढं घागरींची रांगच्या रांग. मधल्या आळीपुढं तिच्या निम्मी. खालच्या आळीपुढं दोन घागरी आणि एक अर्धी. एक आकडा नाही, एक शिवी नाही. दादांनी तो लावू दिला नाही आणि पंचायतीची सगळी कामं दुसरीकडं गेली. तेव्हा वहिनीनं रंगाचा डबा घेतला आणि दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर त्या घागरी स्वतःच्या हातानं काढल्या. पुढच्या ग्रामसभेत खालच्या आळीच्या बायकांना भाषण करावं लागलं नाही. एक जण उठली आणि म्हणाली, "सुनंदाबाईच्या भिंतीकडं बघा," आणि खाली बसली. नळाच्या वेळा बदलल्या. सगळं सुरळीत झालं असं नाही, पण त्या अर्ध्या घागरीत वहिनीनं निळ्या रंगानं आणखी थोडं पाणी भरलं, ते मी पाहिलं आहे. दादा तिच्याशी कित्येक महिने बोलत नव्हते. बोलत नव्हते म्हणजे, "तिला सांगा, चहात साखर कमी पडली," असं तिच्याच समोर बसून अण्णांना सांगत होते.

आमची शेवटची भेट जालन्याच्या एका दवाखान्यात झाली. मी डबा घेऊन गेलो, तर ती खाटेवर बसून औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कात्रीनं कापत होती. हातावर सुई टोचलेली, आवाज खोल गेलेला. "खाली बोर्ड बघितला का?" तिनं विचारलं. बघितला होता. भिंतभर बोर्ड, त्यावर सगळे विभाग, सगळे डॉक्टर, सगळे बाण, आणि त्यातून काहीच न कळणारं. "सोनोग्राफी कुठंय ते लोक मला इचारून राह्यलेत," ती म्हणाली. "मी पडलेली बाई, ते उभे हायेत, आन् वाट मी सांगून राह्यले." तिनं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत सोनोग्राफी असं लिहिलं, एक जाड बाण काढला, बाकी पुठ्ठा कोरा सोडला आणि मला तो जिन्यापाशी लावायला पाठवलं. मी परवानगी वगैरेबद्दल काहीतरी पुटपुटलो. "भाऊजी, तुमी आदर्श शिक्षक हाव. तुमाला कोन इचारतंय," ती म्हणाली. मी लावून आलो. परत आलो तेव्हा तिनं डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोप लागली. पण तशीच म्हणाली, "लोक वळून राह्यलेत का बराबर?" मी म्हणालो, वळून राहिलेत. मग ती झोपली.

तर त्या सकाळी दुकानात वर्षा चहा घेऊन आली तेव्हा मी तिला माझा फोटो रांगेतून काढायला सांगितलं. पण तेवढ्यात दत्तादादा आलेच, अण्णांना बरोबर घेऊन. "झालं का डिझाईन?" त्यांनी विचारलं. वर्षानं रात्रभर जे केलं होतं ते स्क्रीनवर आणलं. पांढरं. डाव्या कडेला एक शब्द, 'सुनंदा'. बाकी काही नाही. दादांनी थोडा वेळ वाट बघितली, जणू बाकीचं अजून यायचं आहे. "सुरू व्हायचंय का आजून?" "झालंय, दादाकाका." "आन् आमी कुठं हाव?" "तुमी सगळे घरी हायेत की. गेली ती आई." दादांचा चेहरा पडला. "बरं, आमचं राहू दे. तिचा तरी फोटो?" वर्षा म्हणाली, "तोंड गावाला ठावं हाय."

मला वाटलं आता दादा भडकणार. ते भडकले नाहीत, तेच वाईट झालं. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "पोरी, लोकांला वाटंल हिला भावकीच नव्हती. आमच्यातलं कोनी रडलंच न्हाई असं वाटंल." तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ती दाटीवाटीची तोंडं म्हणजे दादांच्या लेखी खांदाच होता, शेवटपर्यंत शेजारी उभं राहणं होतं. आणि तरीही... मी आयुष्यात दादांसमोर कधी तोंड उघडलेलं नाही. तोंड उघडायचं म्हटलं की मला खोकला येतो, तसा त्या दिवशीही आला. पण खोकून झाल्यावर म्हणालो, "दादा, माझा फोटो काढा. मी रडलोय ते तिला ठाऊक आहे." दादा म्हणाले, "काढतो. तुझ्या जागी बाळूच्या मेव्हण्याला बसवतो." आणि चौकात भावकीचा फ्लेक्स लागणारच, दुसऱ्या गावातून छापून आणू, असं सांगून ते उठले. दारापर्यंत गेले, तर मागून अण्णा बोलले. त्या वर्षातलं त्यांचं ते पहिलंच वाक्य असावं. "चौकात तुमचं लावा. तिच्या दुकानावर तिचं लागंल." मग ते वर्षाकडं वळले, त्या पांढऱ्या स्क्रीनवर अगदी तळाला बोट ठेवलं आणि म्हणाले, "हितं बारक्या अक्षरात लिही. दुकान चालू हाय म्हनून."

'आहे' का 'हाय', एवढंच वर्षानं मला विचारलं. मी मराठीचा शिक्षक. म्हणालो, अण्णा म्हणाले तसंच राहू दे.

दोन्ही लागले. चौकातल्या फ्लेक्सवर ढग आले, समया आल्या, आणि दादांनी माझा फोटो काढला तर नव्हताच, उलट मोठा करून दुसऱ्या ओळीत आणला होता. आता काही आठवडे झाले. आमच्याकडं जुन्या फ्लेक्सला मोठी मागणी असते. तो उतरून दादांच्या म्हशीच्या गोठ्यावर गेलाय, आणि धारा काढताना वर बघितलं की माझे सगळे केस आणि सगळे दात दिसतात, वहिनीच्या भाषेत सांगायचं तर थोरलं मडकं तिथं मीच आहे. वहिनीचा बोर्ड मात्र जागेवर आहे. सुरुवातीला लोकांना वाटलं की छपाईत काहीतरी बिघाड झाला. कुणी वर्षाला विचारलं, बाकीचं कधी भरणार. एकदा त्या मोकळ्या जागेत कुणी बोअर मारून मिळेल अशी चिठ्ठी चिकटवली, एकदा कुणी क्लासची. मी सुट्टीच्या दिवशी गावाला येतो, ओलं फडकं घेऊन शिडीवर चढतो आणि त्या चिठ्ठ्या खरवडून काढतो. माझ्या वयाला आणि पोटाला ते शोभत नाही, आणि खाली शिडी धरायला अण्णा असतात, एक शब्द न बोलता. दादा परवा तिथून जाताना थांबले. "रिकामी जागा पुसून राह्यला का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "राखून राहिलोय." ते गेले नाहीत. शिडीची दुसरी बाजू धरून उभे राहिले.

उतरल्यावर मी रस्ता ओलांडला, लिंबाखाली गेलो, चष्मा कपाळावर ढकलला आणि डोळे किलकिले केले. आधी बाजूच्या भिंतीवरच्या घागरी विरघळल्या, मग दार, मग शिडीपाशी उभे असलेले माझे दोन्ही भाऊ. शेवटी त्या पांढऱ्यात तिचं नाव तेवढं उरलं. एवढ्यात कुंभार पिंपळगावकडं जाणारी जीप माझ्या शेजारी येऊन थांबली, आणि ड्रायव्हरनं मान बाहेर काढून विचारलं, "सर, डोळ्यात काय गेलं का?"

"न्हाई," मी म्हणालो. "बघून राह्यलो."